विचारा बिनधास्त: एवढुसं बेल्जियम आपल्याला हरवतं कसं?

प्रश्न: माझा मुलगा सहावीत आहे, शाळेच्या मुरमाच्या ग्राउंडवर हॉकी खेळतो. परवा म्हणाला, पप्पा आपल्याकडे ८ गोल्ड, मग बेल्जियम आपल्याला कसं काय हरवतं? मला काही सांगताच आलं नाही.
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर: पोराने बरोबर दुखरी नस पकडलीय बघा. आपलं आठवं ऑलिम्पिक गोल्ड १९८० चं, तेव्हा बहुतेक तुमचाही जन्म झाला नसेल. आणि बेल्जियम म्हणजे लोकसंख्येने किती, तर २०११ च्या जनगणनेतला आपला नाशिक जिल्हा दोनदा घ्या, झालं.

पण हे लोक काही पहिल्यापासून भारी नव्हते. १९७६ नंतर त्यांची टीम ऑलिम्पिकला दिसली ती थेट २००८ ला, आणि गंमत बघा, त्याच बीजिंगला आपण पहिल्यांदाच क्वालिफायच झालो नव्हतो. पुढे लंडनला ते पाचवे, आपण बारावे म्हणजे शेवटचे. रिओला क्वार्टर फायनलमध्ये त्यांनी आपल्याला ३-१ ने घरी पाठवलं आणि सिल्व्हर नेलं, २०१८ ला आपल्याच भुवनेश्वरात वर्ल्ड कप जिंकले, टोकियोला सेमीफायनलमध्ये आपल्याला ५-२ हाणून गोल्ड.

मला विचाराल तर यात जादू काही नाही. तिकडे पोरं लहानपणापासून क्लबात खेळतात, तिथूनच ज्युनियर टीम, आणि तीच पोरं पुढे सीनियरला एकत्र, एकमेकांचा पास डोळे मिटून कळतो. त्यांचा खेळाडू जॉन-जॉन डोहमेन बीजिंगला होता, टोकियोलाही होता! मधल्या काळात कोच बदलले, बाहेरच्या देशातून आणले (वर्ल्ड कप आणि गोल्डवाला शेन मॅक्लिऑड न्यूझीलंडचा), पण टीमचा गाभा मोडला नाही. आपल्याकडे मात्र एक स्पर्धा हरली की आधी कोचचीच उचलबांगडी.

दुसरं म्हणजे टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताचं मैदान. १९७६ ला माँट्रियलला ऑलिम्पिक हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर झाली आणि आपण सातवे आलो. मुरमावर बॉल खड्याला लागून कुठेही उडतो, म्हणून आपली पोरं तो स्टिकला चिकटवून ड्रिबल करायला शिकतात, पण टर्फवर बॉल सुसाट येतो, तिथे पहिल्या टचला तो थांबवता आला पाहिजे आणि पळायला दम पाहिजे. तुमच्या पोराला रोज अर्धा तास सपाट सिमेंटवर भिंतीशी पास मारून परत आलेला बॉल ट्रॅप करायला लावा, खर्च शून्य. सुट्टीत जिथे टर्फ असेल तिथे घेऊन जा, आणि ड्रॅग फ्लिकची (बॉल स्टिकने ओढत नेऊन जोरात गोलकडे फेकायचा फटका) घाई नको, त्यात कंबर जाते.

आणि हो, पॅरिसला २०२४ ला बेल्जियमला क्वार्टर फायनलमध्ये स्पेनने घरी पाठवलं आणि त्याच स्पेनला २-१ हरवून आपण ब्रॉन्झ आणलं, हे पण सांगा त्याला, खूश होईल.