सिंगापूरची रात्रशर्यत: एफडी मोडायची की कर्ज काढायचं?

प्रश्न: पुण्यात आयटीत नोकरी, वय 32. हातात 92,000 येतात. घरकर्जाचा हप्ता 31,000, एसआयपी 12,000, घरखर्च 30,000. अडीनडीसाठी 3 लाखांची एफडी आहे. एप्रिलमध्ये साधारण 75,000 बोनस मिळेल. ऑक्टोबरमध्ये आम्हा दोघांना सिंगापूरची फॉर्म्युला वन शर्यत बघायची आहे. टूर कंपनीने 3,60,000 सांगितले: ग्रँडस्टँडची (ठरलेल्या आसनाची) तिकिटं 1,40,000, ट्रॅकजवळ पाच रात्री 1,10,000, विमान 70,000, बाकी 40,000. एफडी मोडू की पर्सनल लोन घेऊ?

उत्तर: दोन्ही नको. तुमचा हप्ता आणि घरखर्च मिळून 61,000, म्हणजे एफडी जेमतेम पाच महिने पुरेल. ती मोडलीत आणि नोव्हेंबरात नोकरी गेली, तर पहिला हप्ताच बुडेल. लोनचं गणितही बघा: 3,60,000, 14 टक्के, 24 महिने. हप्ता सुमारे 17,300, व्याज जवळजवळ 55,000. प्रोसेसिंग फी वेगळीच. महिन्याला तुमच्याकडे उरतात 19,000. लोन घेतलंत तर दोन वर्षं हातात 1,700 उरतील.

तरीही जा. फक्त खर्चाची मांडणी बदला. फेब्रुवारी ते सप्टेंबर आठ महिन्यांचे 1,52,000 आणि बोनस, असे 2,27,000 होतात. सहल त्यात बसवायची.

सगळ्यात मोठी काटछाट तिकिटात. मरिना बे हा रस्त्यांवरचा ट्रॅक आहे. कुठेही बसलात तरी एखाददुसरं वळणच दिसतं, बाकी शर्यत पडद्यावर. म्हणून तीन दिवसांचं झोन 4 चं वॉकअबाउट घ्या, म्हणजे ट्रॅकच्या त्या भागात फिरत, उभ्याने बघायचं तिकीट; दोघांचे 55,000 धरा. पडांग या मैदानावरच्या मैफली याच झोनमध्ये होतात. अडचण एवढीच की कुंपणालगतची जागा पकडायला लवकर जावं लागतं आणि तासन् तास उभं राहावं लागतं. गुडघे कुरकुरत असतील तर ग्रँडस्टँडचे पैसे वाया जाणार नाहीत, पण मग सहल पुढच्या वर्षी.

मुक्काम लिटल इंडिया किंवा लॅव्हेंडरकडे, एमआरटी (मेट्रो) स्टेशनपासून चालत जाता येईल असा. चार रात्रींचे 52,000 धरा. शर्यतीच्या रात्री मेट्रो उशिरापर्यंत धावते. स्वस्त पडतं म्हणून सीमेपलीकडे मलेशियातल्या जोहोर बारूला राहण्याच्या फंदात पडू नका: व्हिसा बहुप्रवेशाचा लागेल आणि मध्यरात्री सीमेवरच्या रांगेत शर्यतीची मजा उतरेल. विमान 70,000, खाणंपिणं-व्हिसा-विमा 38,000, वर 10,000 राखीव. एकूण 2,25,000.

आता क्रम. हॉटेल आजच धरा, पण मोफत रद्द करता येणारंच. तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत, म्हणून ते बोनसच्या भरवशावर नको, शिलकीतूनच: फेब्रुवारी-मार्चचे 38,000, उरलेले 17,000 एप्रिलचे. म्हणजे खरेदी एप्रिलमध्ये, एकदम. विमान बोनस खात्यात पडल्यावर. बोनस आला नाही तर विमान आणि हॉटेल दोन्ही सोडा, तिकीट विकता येतं का ते आयोजकांच्या नियमांत बघा. शिल्लक पगाराच्या खात्यात ठेवू नका, खर्च होते. दर महिन्याला लिक्विड फंडात (हवे तेव्हा पैसे काढता येणाऱ्या, कमी जोखमीच्या म्युच्युअल फंडात) टाका.

कार्डावर गळती होते. 3.5 टक्के फॉरेक्स मार्कअपवर (परकीय चलनातल्या खर्चावर बँक घेते ते शुल्क) 18 टक्के जीएसटी धरला की 4.13 टक्के जातात; तिकीट आणि हॉटेलच्या 1,07,000 वर सुमारे 4,400 रुपये. शून्य मार्कअपचं कार्ड असेल तर तेच वापरा. तिथल्या यंत्रावर ‘रुपयांत भरायचं का?’ असं विचारलं तर नाही म्हणा, सिंगापूर डॉलरच निवडा. रुपयांचा पर्याय हमखास महाग पडतो.

टूर कंपनीकडूनच पॅकेज घेतलंत तर टीसीएस (विक्रेत्याने किमतीवर आगाऊ वसूल केलेला कर) लागेल. तो बुडत नाही, प्राप्तिकरात वळता होतो. कंपनीच्या पगार विभागाला कळवलंत तर दरमहाचा टीडीएस तेवढा कमी होतो. पण तोवर पैसे अडकतात, म्हणून तो राखीव रकमेत धरा.

सिंगापूरचा व्हिसा अधिकृत एजंटामार्फत काढायचा, शुल्क 30 सिंगापूर डॉलर, वर एजंटाची फी. अर्ज प्रवासाच्या आधीच्या 30 दिवसांत. एसजी अरायव्हल कार्ड (सिंगापूरमध्ये शिरण्यासाठीचा ऑनलाइन फॉर्म) मोफत असतं, पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं. त्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून लांब राहा.

परतीचं विमान रविवारी रात्रीचं घेऊ नका. शर्यत रात्री 8 ला सुटते, आणि 2022 मध्ये पावसामुळे ती तासाहून जास्त उशिरा सुरू झाली होती.