एपीटी, डीएनएफ की पॅकमन?

प्रश्न : लिनक्सचे वितरण (डेबियन, फेडोरा, आर्च यांसारखी तयार प्रणाली) निवडताना यांपैकी कोणता पॅकेज मॅनेजर, म्हणजे सॉफ्टवेअर बसवणारे व अद्ययावत करणारे साधन, सरस मानावा?

उत्तर : आर्चचा पॅकमन चपळ आहे हे खरे, पण केवळ वेगावरून निवड करू नये, खरा फरक एखादे अद्ययावतीकरण बिघडल्यावर कळतो. फेडोरात २०१५ मध्ये यम या जुन्या पॅकेज मॅनेजरची जागा घेतलेला डीएनएफ प्रत्येक व्यवहाराची (पॅकेज बसवणे, काढणे, अद्ययावत करणे) नोंद ठेवतो आणि जुनी पॅकेजेस भांडारात (वितरणाच्या ऑनलाइन सॉफ्टवेअर-साठ्यात) शिल्लक असल्यास ‘हिस्टरी अनडू’ या आज्ञेने तो व्यवहार उलटवू शकतो, तर डेबियनच्या एपीटीमध्ये अशी सोय दीर्घकाळ नव्हती. आर्चमध्ये मात्र भांडाराची यादी ताजी करून एकच पॅकेज बसवणे अमान्य आहे, कारण अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात त्या सामायिक लायब्ररींच्या आवृत्त्या जुळेनाशा होतात. संपूर्ण प्रणालीच अद्ययावत करावी लागते. ती शिस्त न पाळणाऱ्यांनी, माझ्या मते, पॅकमनच्या वाटेला जाऊ नये.