यमुना वऱ्हाडात आणताना

प्रिय बेटा,

तुझी प्रकरणं वाचली. ह. ना. आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ नव्यानं सांगायची आणि तिच्यातल्या विधवा यमुनेचा जीव एका बाईवर जडलेला दाखवायचा, हे तू ठरवलंस याचा मला फार आनंद झाला. हक्कांची काळजी करू नको. आपटे 1919 मध्ये गेले, आणि आपल्या कायद्यानं लेखकामागं 60 वर्षांनी पुस्तक सगळ्यांचं होतं.

पण नुसतं गाव आणि जात बदलून भागत नाही. यमुनेला तू आर्णीकडच्या कुणब्याच्या घरात आणलंस, केशवपन मात्र तसंच ठेवलंस. ते ब्राह्मण घरातलं. कुणब्यांत विधवेचा पाट लागायचा, म्हणजे दुसरं लग्न. म्हणजे तुझ्या यमुनेवरचं संकटच वेगळं आहे. तिला कोणी एकटं राहू देणार नाही, एखादा बिजवर पाहून मोकळे होतील. जिचा जीव दुसऱ्या बाईत गुंतलाय तिला तो पाट वस्तऱ्यापेक्षा कमी वाटेल का? तुझी कादंबरी खरी इथून सुरू होते.

जुनी गोष्ट नव्यानं कशी सांगतात ते बघ. एमिली ब्राँटेची इंग्रजी कादंबरी ‘वुदरिंग हाइट्स’ 1847 ची. तिच्यातला हीथक्लिफ लिव्हरपूलच्या रस्त्यावर सापडलेलं सावळं पोर. जहाजावरच्या हिंदी खलाशाचं असेल, असा तर्क मूळ पुस्तकातच एकजण करतो. ताशा सुरी यांनी 2022 मध्ये तीच गोष्ट ‘व्हॉट सोल्स आर मेड ऑफ’मध्ये नव्यानं लिहिताना तोच धागा धरला. बाहेरून काही चिकटवावं लागलं नाही. तूही आपट्यांचं पुस्तक पुन्हा वाच, पेन्सिल घेऊन. यमुना कोणाशी मोकळं बोलते, कोणाची वाट पाहते, तिथं खुणा कर.

पर्सिव्हल एव्हरेट यांची ‘जेम्स’ मिळव. 2024 ची आहे, 2025 चं पुलित्झर तिला मिळालं. मार्क ट्वेनच्या ‘हकलबरी फिन’मधला गुलाम जिम तिथं स्वतः गोष्ट सांगतो. गोऱ्यांसमोर गुलाम मुद्दाम अडाणी बोलतात, आपसांत अगदी सफाईदार. हे वाचताना मला आपले लोक आठवले: तहसिलात बाबूसमोर चाचरणारा माणूस घरी वऱ्हाडीत काय धडाडून बोलतो! तुझी यमुना मात्र पानोपानी पुस्तकी बोलते. तिला तिची बोली दे, आणि ती कोणासमोर गप्प होते तेही दाखव.

आणखी एक, मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. या दोघी भेटतात कुठं? रानडुकरं राखायला दोन पोरं जागलीला गेली, रात्रभर शेतात राहिली, तर गावात कोणी विचारत नाही. दोन बायांना ती मुभा नाही. त्यांना मिळतो तो कापूस वेचणीचा दिवस. कमरेला ओटी बांधून शेजारशेजारच्या तासात त्या वाकलेल्या. बोंडाच्या वाळक्या टोकांनी बोटं ओरबाडलेली. एक मागं पडली की दुसरी हात आखडता घेते. संध्याकाळी काट्यावर तिचा कापूस कमी भरतो, मजुरी कमी मिळते. प्रेमाची ही किंमत पैशात मोजता येते, म्हणून ती नीट लिही. घरी पैसे कमी का आले, हे सासू विचारेलच. ती काय सांगते?

हे प्रकरण आधी लिहून पाठव. पाटाचं नंतर बघू.

तुझी,
मॅडम