जुन्या ई२ओमध्ये सोलरचे वापरलेले २८० एएचचे सेल बसवता येतील का?

परभणीहून तुम्ही विचारलंय: २०१४ ची महिंद्रा ई२ओ ही इलेक्ट्रिक गाडी आहे, मूळ बॅटरी थकलीय, एका चार्जमध्ये जेमतेम ४० किलोमीटर जाते. एक जण सोलर प्रकल्पातून उतरवलेले २८० एएचचे (अँपियर-तास, म्हणजे सेलची क्षमता) १६ लिथियम सेल देतोय. ते घ्यावेत का, आणि बसवायचे कसे?

बसतात. पण रेंज वाढेल की नाही, हे सेलवर छापलेल्या एएचवर ठरत नाही. तो सेल चढावर ४०० अँपियर देताना किती खाली बसतो, त्यावर ठरतं.

आधी व्होल्टेजचं बघू. मोटर, कंट्रोलर, चार्जर, दिव्यांना १२ व्होल्ट देणारा कन्व्हर्टर, हे सगळं ४८ व्होल्टच्या पॅकसाठी बनलंय. त्यामुळे मूळ पॅकमध्ये सिरीजला (एकामागे एक जोडलेले) जितके सेल आहेत तितकेच नवे घ्यायचे, एकही कमीजास्त नाही. पॅक उघडून स्वतः मोजा. वाढवायची ती फक्त एएच. सेलही एलएफपीच (लिथियम आयर्न फॉस्फेट) हवेत. एलएफपीचा सेल ३.६५ व्होल्टला पूर्ण भरतो, म्हणजे १६ सेलचा पॅक ५८.४ व्होल्टला. एनएमसी या लिथियमच्याच दुसऱ्या प्रकारचे १४ सेल ५८.८ व्होल्टला भरतात, म्हणून विकणारे सांगतात की "हेही चालतात". चालत नाहीत. एनएमसी सेल ४.२ व्होल्टला भरतो, तर गाडीची बीएमएस (सेलवर लक्ष ठेवणारा बोर्ड) एकेका सेलवर ३.६५ ची हद्द धरून बसलेली असते. ती अर्ध्या वाटेतच चार्जिंग तोडेल. नेक्सॉनसारख्या गाडीचा ३० युनिटचा अख्खा पॅक मिळतोय म्हणून भुलू नका. तो ३२० व्होल्टचा आहे, तुमच्या गाडीत तसाच बसणार नाही, आणि ते व्होल्टेज जीव घेणारं आहे.

आता करंट. ई२ओची मोटर १९ किलोवॅटची. १९,००० भागिले ४८ म्हणजे पूर्ण जोरात साधारण ४०० अँपियर. सोलरचे सेल मुळात तासन् तास संथ करंट द्यायला बनवलेले असतात. २८० एएचच्या अशा सेलकडून सलग २८० अँपियरच्या वर मागू नये. सेलचा अंतर्गत रोध अर्धा मिलिओहम धरला, तर ४०० अँपियरला प्रत्येक सेलवर ०.२ व्होल्ट पडतं, १६ सेलवर ३.२. रोध एक मिलिओहम झाला की ६.४ व्होल्ट पडतं आणि पॅकच्या आत अडीच किलोवॅट उष्णता तयार होते, म्हणजे दोन-अडीच इस्त्र्या पेटीत चालू ठेवल्यासारखं. मग मीटरवर ३० टक्के दिसत असताना उड्डाणपुलाच्या चढावर गाडी अचानक दम सोडते. बॅटरी संपलेली नसते. सर्वांत कमकुवत सेल २.५ व्होल्टच्या खाली गेलेला असतो आणि बीएमएस तो एकच सेल बघून करंट तोडते.

म्हणून पैसे देण्याआधी प्रत्येक सेल तपासा. फुगलेला सेल बाजूला. २ व्होल्टच्या खाली गेलेला सेलही बाजूला, नंतर चार्ज घेतला तरी. उरलेले एकेक करून ३.६५ पर्यंत भरा, करंट १४ अँपियरवर उतरला की थांबा, तासभर ठेवा, मग ४० अँपियरच्या लोडवर २.५ व्होल्टपर्यंत उतरवा. चांगल्या वापरलेल्या सेलला साडेपाच तास लागतात, म्हणजे २२० एएच. रोधासाठी सेल अर्धा भरलेला असताना तोच लोड १० सेकंद लावा आणि व्होल्टेज किती पडलं ते सेलच्या टर्मिनलवर मोजा, लोडच्या चिमट्यांवर नाही. २० मिलिव्होल्ट पडलं म्हणजे अर्धा मिलिओहम. माझी हद्द २५ मिलिव्होल्टची आहे. ३५ च्या वरचा सेल फुकट मिळाला तरी गाडीत घालू नका, घरच्या सोलरला वापरा. बाजारात मिळणारं छोटं रोधमापक मीटर हजार हर्ट्झवर मोजतं आणि खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतं. सेलची एकमेकांशी तुलना करायला ते ठीक, निर्णय घ्यायला नाही. शेवटी सगळे सेल पूर्ण भरून दोन आठवडे नुसते ठेवा. जो बाकीच्यांपेक्षा ठळकपणे खाली उतरला, तो आतून गळतोय.

१६ च्या ऐवजी २० सेल उचला. चार-दोन बाद होतातच, आणि नंतर तसाच सेल मिळत नाही. भाव ठरवताना छापलेली नाही, मोजलेली क्षमता धरा.

पेटीचं माप आधी घ्या. २८० एएचचा सेल साधारण १७४ × ७२ × २०७ मिलिमीटरचा, वजन सव्वापाच-साडेपाच किलो. १६ सेलचे ८४-८८ किलो होतात. वर बसबार (सेल एकमेकांना जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या) आणि वायरिंग धरून आत २३५ मिलिमीटर उंची हवी. मूळ पॅक काट्यावर ठेवा आणि नवा त्याहून जड होऊ देऊ नका. सेलचं बाहेरचं ॲल्युमिनियम कोरडं वाटलं तरी त्यावर व्होल्टेज असतं, म्हणून दोन सेलमध्ये इपॉक्सी शीट घालायचीच. प्लास्टिकचं आवरण घासून फाटतं. दोन्ही टोकांना जाड प्लेट लावून सेल आवळायचे. या मापाच्या सेलला साधारण ३०० किलोचा दाब पुरतो. जास्त आवळलंत तर सेल लवकर मरतो.

सगळ्यात जास्त गाड्या बसबारवर अडतात. सोलरच्या सेलसोबत येणारी पातळ पट्टी साधारण २० × २ मिलिमीटरची असते, ४० चौरस मिलिमीटर. इथे किमान दुप्पट हवी. वाळूज किंवा चिकलठाणा एमआयडीसीत तांब्याची पट्टी मापात कापून, टिन प्लेटिंग करून मिळते. टर्मिनल हलकेच घासा, जोडणीची पेस्ट लावा आणि टॉर्क पान्यानेच आवळा. एम६ स्टडला ४ ते ६ न्यूटन-मीटर. हातअंदाजाने आवळलं की एक तर स्टड उपटतो, नाहीतर जोड ढिला राहतो. ढिला जोड ४०० अँपियरला लाल होतो. पॅक जुळल्यावर १०० अँपियर वाहताना मल्टिमीटरने प्रत्येक जोडावरचे मिलिव्होल्ट मोजा. जो जोड बाकीच्यांपेक्षा दुप्पट दाखवतो तो उघडून पुन्हा घासा. काम करताना हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढा आणि पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा. ४८ व्होल्टचा झटका फारसा बसत नाही, पण शॉर्ट झालं तर हजारो अँपियर वाहतात आणि पाना वितळतो. मूळ फ्यूज आणि काँटॅक्टर (पॅकचा मुख्य स्विच) तसेच ठेवा. घरगुती एसी फ्यूज इथे ठिणगी तोडू शकत नाही.

सेल समान पातळीवर आणताना सगळे समांतर जोडून ३.६५ व्होल्ट लावतात. तेव्हा ते एकूण ४,४८० एएच होतात. १० अँपियरच्या सप्लायने रिकामे भरायला बसलात तर पंधरवड्याहून जास्त जाईल. आधी सिरीजमध्ये बीएमएस लावून ९० टक्के भरा, मग समांतर करा. सप्लायचं व्होल्टेज जोडण्यापूर्वी सेट करा, जोडल्यानंतर नाही.

बीएमएस गाडीचीच ठेवा. ती कंट्रोलरशी बोलते, बाहेरची लावली तर गाडी हलणार नाही. सेन्सच्या (एकेका सेलचं व्होल्टेज मोजणाऱ्या) तारा मूळ क्रमानेच. एक तार चुकली तर बोर्ड जळतो, म्हणून प्लग लावण्याआधी प्रत्येक पिनवर व्होल्टेज चढत्या क्रमाने मोजा. तापमानाचे सेन्सर सेलला चिकटवायला विसरू नका. डॅशबोर्डवरचे टक्के मात्र जुन्या क्षमतेच्या हिशेबाने येतील. ५०० अँपियरचा शंट (करंट मोजायची पट्टी) घेऊन वेगळं एएच मीटर लावा. शंट पॅकच्या निगेटिव्हला लागून असावा आणि चार्जरची निगेटिव्ह त्याच्या पलीकडे यावी, नाहीतर चार्जिंग मोजलंच जात नाही.

हिशेब असा: २८० च्या ८० टक्के म्हणजे २२४ एएच, गुणिले ५१.२ व्होल्ट (१६ सेल, प्रत्येकी ३.२) म्हणजे साडेअकरा युनिट. त्यातली ८५ टक्के वापरली आणि किलोमीटरला ११० वॅट-तास धरले, तर ८५-९० किलोमीटर. जिंतूर चाळीसेक किलोमीटर आहे, जाऊन-येऊन अगदी काठावर. तिकडे १५ अँपियरचा सॉकेट बघूनच निघा. चार्जर जुनाच असल्याने क्षमता जितकी वाढेल तितका वेळही वाढेल.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३ च्या पुढे जातो. पत्र्याच्या शेडमध्ये गाडी १०० टक्के भरून ठेवू नका, सेल त्यानेच झिजतात. संध्याकाळी आल्या आल्या चार्जिंग लावू नका, पॅक निवल्यावर रात्री लावा. उभीच ठेवायची असेल तर ५० टक्क्यांवर ठेवा.

काम सुरू करण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीला लेखी विचारा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार परवानगीशिवाय करता येत नाही, आणि आग लागली तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते. काढलेला पॅक भंगारात देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे तो बॅटऱ्या गोळा करणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या किंवा रिसायकल करणाऱ्या संस्थेकडेच जायला हवा. त्याआधी वरच्याच पद्धतीने त्यातले सेल मोजा. कित्येकदा १६ पैकी दोन-तीनच मेलेले असतात, आणि तेवढे बदलून नवा पॅक घ्यायची गरजच उरत नाही.