लेन्ससाठी मुदत ठेव मोडावी का?

नागपूरच्या मानेवाड्यात राहणाऱ्या एका वाचक भगिनींचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्या खाजगी कंपनीत नोकरी करतात, हाती ४२,००० रुपये पगार येतो आणि घरखर्च भाड्यासह ३१,००० रुपयांचा आहे. रविवारी त्या डोहाळेजेवण, बारसे, साखरपुडा अशा घरगुती समारंभांचे फोटो काढतात. गेल्या वर्षी अशी १४ कामे झाली, प्रत्येकी ६,००० रुपये मिळाले आणि प्रवास, अल्बम, मदतनीस हे वजा जाता कामामागे ३,५०० रुपये उरले. कॅमेरा सोनीचा ए६४०० असून त्यावर सोबत आलेली १६-५० मिलिमीटरची झूम लेन्स आहे. बर्डीवरील दुकानात सोनीची ८५ मिलिमीटर एफ/१.८ लेन्स ४६,००० रुपयांना आणि सिग्माची ५६ मिलिमीटर एफ/१.४ लेन्स ३४,००० रुपयांना सांगितली आहे. पुढे फुल फ्रेम, म्हणजे प्रकाश टिपणारा सेन्सर मोठा असलेला, कॅमेरा घ्यायचाच आहे, म्हणून ८५ घ्यावी आणि त्यासाठी १,२०,००० रुपयांच्या मुदत ठेवीतून पैसे काढावेत, असा त्यांचा विचार आहे.

आपली गरज खरी आहे, हे मी आधी मान्य करतो. सोबत आलेली झूम लेन्स ५० मिलिमीटरवर एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही; एफपुढचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते. एफ/१.४ ची लेन्स तिच्या सोळापट प्रकाश आत घेते, म्हणजे ट्यूबलाइटखाली ज्या फोटोसाठी आपल्याला आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, ६४०० ठेवावा लागतो, तोच फोटो ४०० वर निघतो. आयएसओ जितका जास्त, तितका फोटो दाणेदार होतो. ओटी भरतानाच्या फोटोत गर्भवतीच्या चेहऱ्यावर असे दाणे उमटतात आणि ते पाहून ग्राहक नाराज होतात, असे आपण लिहिले आहे. त्याचे मूळ आपल्या कौशल्यात नाही, ते लेन्समध्ये आहे. त्यामुळे हा खर्च हौसेच्या खात्यात न टाकता धंद्याच्या भांडवलाच्या खात्यात मोजणे योग्य ठरेल.

मात्र कोणती लेन्स, हा प्रश्न पैशांच्या आधी खोलीच्या लांबीशी बांधलेला आहे. आपल्या कॅमेऱ्याचा सेन्सर एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान, आकाराचा आहे, त्यामुळे त्यावर ८५ मिलिमीटरची लेन्स फुल फ्रेमवरील सुमारे १२८ मिलिमीटरसारखी वागते. उभ्या चौकटीत माणूस पायापासून डोक्यापर्यंत मावायचा असेल, तर या जोडीने आपल्याला २२ ते २३ फूट मागे जावे लागेल. कमरेपर्यंतचा फोटो हवा असला तरी ११ फूट लागतात. ५६ मिलिमीटरने हीच अंतरे अनुक्रमे १५ आणि ७ फुटांवर येतात, कारण तिचा दृश्यकोन फुल फ्रेमवरील ८४ मिलिमीटरएवढा असतो आणि व्यक्तिचित्रासाठी ज्याला शॉर्ट टेलिफोटो म्हणतात तो नेमका हाच. मागच्या महिन्यात प्रतापनगरमधील एका नातेवाइकाच्या फ्लॅटमध्ये बारशाला गेलो होतो. छायाचित्रकार पाळणा चौकटीत बसवण्यासाठी मागे सरकत सरकत स्वयंपाकघरातील फ्रिजला पाठ टेकवून उभा राहिला होता, आणि तरीही आत्याचा हात कापला जात होता. आपले बहुतेक काम अशाच हॉलमध्ये होते. आपल्या घरी मोजपट्टी पसरून ११ फूट आणि ७ फूट मोजून पाहा, हा हिशेब कागदापेक्षा फरशीवर लवकर पटतो.

वजनाचाही थोडा फरक आहे. ए६४०० बॅटरीसह ४०३ ग्रॅमचा आहे, ८५ ची लेन्स ३७१ ग्रॅमची आणि ५६ ची २८० ग्रॅमची. आपल्या कॅमेऱ्यात हालचाल सावरणारी यंत्रणा नाही आणि या दोन्ही लेन्समध्येही ती नाही, त्यामुळे लांब पल्ल्याच्या लेन्सने शटरचा वेग वाढवावा लागतो आणि मिळवलेल्या प्रकाशाचा काही भाग तिथेच खर्ची पडतो.

आता पैशांकडे वळू. धरमपेठेतील एक दुकान अशी लेन्स दिवसाला ५०० रुपये भाड्याने देते, हे आपणच कळवले आहे, आणि माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाची माहिती ती आहे. वर्षाला १४ कामे धरली, तर भाडे ७,००० रुपये होते. याउलट ८५ ची लेन्स चार वर्षे वापरून निम्म्या किमतीला विकली, असे गृहीत धरू. तर दरवर्षी ५,७५० रुपयांची घट होते, आणि ठेवीवर साडेसहा टक्के व्याज मिळते असे धरले तर गुंतलेल्या रकमेवरचे सुमारे ३,००० रुपयांचे व्याजही जाते. म्हणजे मालकीचा वार्षिक खर्च ८,७५० रुपये झाला. भाड्याशी बरोबरी व्हायला वर्षाला १७ ते १८ कामे हवीत, आणि आपली कामे १४ आहेत. ५६ च्या लेन्सचा तोच हिशेब मांडला, तर ४,२५० रुपयांची घट आणि सुमारे २,२०० रुपयांचे व्याज मिळून खर्च ६,४५० रुपयांच्या आसपास येतो, आणि १३ कामांत बरोबरी होते. हाच फरक माझ्या मते निर्णायक आहे: ५६ ची लेन्स आजच्या कामावर उभी राहते, तर ८५ च्या लेन्सला आधी काम वाढावे लागते.

फुल फ्रेम कॅमेरा पुढे घ्यायचा असल्यामुळे ८५ आता घेणे शहाणपणाचे ठरेल, हा आपला युक्तिवाद मी बाजूला सारत नाही, कारण ५६ ची ही लेन्स फुल फ्रेमचा पूर्ण सेन्सर झाकत नाही, हे खरे आहे. परंतु जो कॅमेरा अजून घरात आलेला नाही, ज्याची तारीख ठरलेली नाही आणि ज्याची रक्कम वेगळी काढायला सुरुवातही झालेली नाही, त्याच्यासाठी आजच्या कामाला गैरसोयीची लेन्स घेणे मला पटत नाही. तो कॅमेरा येईल तेव्हा ५६ विकून ८५ घेता येईल, आणि त्या वेळच्या तोट्याचा भाग वरील हिशेबात आधीच धरलेला आहे.

मुदत ठेवीला हात लावू नये, याबाबत मी ठाम आहे. १,२०,००० रुपये म्हणजे आपला जेमतेम चार महिन्यांचा घरखर्च. त्यातून ४६,००० काढले, तर ७४,००० उरतील, म्हणजे अडीच महिन्यांचाही नाही. नोकरी गेली किंवा घरात आजारपण आले, तर लेन्स विकायला वेळ लागतो आणि गरजेच्या घाईत भावही मिळत नाही. दुकानदार ‘बिनव्याजी हप्ता’ सांगत आहे आणि रोखीने घेतल्यास ३,००० रुपये कमी करायला तयार आहे, असेही आपण लिहिले आहे. ती गमावलेली सूट हेच व्याज आहे. ४३,००० च्या वस्तूसाठी १२ महिने ३,८३३ रुपये भरणे म्हणजे वर्षाला सुमारे साडेबारा टक्के दर पडतो, प्रक्रिया शुल्क आणि, हप्ता क्रेडिट कार्डावर असेल तर, व्याजावरील १८ टक्के जीएसटी वेगळाच. शून्य टक्के व्याज असे काही नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते.

करांचा मुद्दा लहान आहे. लेन्सच्या किमतीत १८ टक्के जीएसटी असतो, पण आपली उलाढाल सेवांसाठीच्या २० लाख रुपयांच्या मर्यादेच्या कितीतरी खाली असल्यामुळे केवळ तो परत मिळावा म्हणून नोंदणी करू नये. फोटोग्राफीचे उत्पन्न हिशेबवह्या ठेवून दाखवत असाल, तर लेन्सवर १५ टक्के घसारा, म्हणजे घटत्या किमतीची उत्पन्नातून वजावट, मिळतो, आणि खरेदीच्या वर्षी ती १८० दिवसांपेक्षा कमी दिवस वापरात असेल, तर त्या वर्षी निम्माच. बिल आपल्या नावाचे, लेन्सचा सिरियल नंबर लिहिलेले आणि भारतातील वॉरंटीचे घ्या.

आपल्यासाठी मी असा क्रम सुचवतो. पुढील चार कामांना ५६ ची लेन्स भाड्याने घ्या आणि दर ६,००० वरून ६,५०० करा, म्हणजे भाडे ग्राहकाच्या बिलातून निघेल. प्रत्येक कामातून २,००० रुपये वेगळ्या बचत खात्यात टाका. दिवाळीला १५,००० रुपयांचा बोनस अपेक्षित आहे, तो त्यात मिळवला, तर उरलेले १९,००० रुपये दहा कामांत जमतात. त्या चार कामांत आपल्याला वारंवार आणखी मागे जायची जागा मिळत असेल, म्हणजे कामे घरांतून सभागृहांकडे सरकत असतील आणि वर्षाची संख्या १८ च्या वर जात असेल, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा ८५ चा हिशेब नव्याने मांडू. तोवर लेन्स भाड्याने आणताना दुकानातच पुढची काच उजेडासमोर धरून बुरशीचा डाग नाही ना, हे पाहून घ्या, आणि स्वतःची लेन्स आल्यावर पावसाळ्यात ती सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवा.