धमनी, शीर आणि ‘अशुद्ध’ रक्त

धमनी म्हणजे शुद्ध रक्ताची वाहिनी आणि शीर म्हणजे अशुद्ध रक्ताची, ही पाठ केलेली व्याख्या बरोबर मानावी का, आणि ‘रोहिणी’ व ‘नीला’ हे शब्द यांचेच पर्याय आहेत का, असा प्रश्न आहे.

दुसऱ्या भागाचे उत्तर सोपे आहे: रोहिणी म्हणजे धमनी आणि नीला म्हणजे शीर. व्याख्या मात्र सोडून द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण हा भेद रक्ताच्या प्रतीवरून नव्हे, तर त्याच्या दिशेवरून केला जातो. हृदयाकडून रक्त नेते ती धमनी आणि हृदयाकडे आणते ती शीर. बहुतेक धमन्यांत ऑक्सिजनने समृद्ध रक्त असते हे खरे. पण उजव्या जवनिकेतून (हृदयाच्या खालच्या कप्प्यातून) निघणारी फुफ्फुस-धमनी ऑक्सिजन कमी असलेले रक्तच फुफ्फुसांकडे नेते, आणि तेथून डाव्या कर्णिकेत (हृदयाच्या वरच्या कप्प्यात) ऑक्सिजनयुक्त रक्त आणणाऱ्या वाहिन्या शिराच असतात. गर्भाच्या नाळेतही हीच उलटापालट दिसते. पाठ केलेली व्याख्या या ठिकाणी अडते. दिशेची व्याख्या कोठेही अडत नाही.

वाहिन्यांची रचनाही दिशेलाच अनुसरते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याचा दाब सोसावा लागत असल्याने धमनीची भिंत जाड व लवचीक असते, आणि मनगटावर आपण जी ‘नाडी’ पाहतो, ती धमनीतून जाणारी दाबाची लाट असते. शिरांमध्ये दाब कमी असतो, म्हणून त्यांची भिंत पातळ असते आणि, विशेषतः हातापायांच्या शिरांत, रक्त मागे फिरू नये यासाठी झडपा असतात. हात खाली सोडून त्यावरची फुगलेली शीर एका बोटाने दाबून धरावी आणि दुसऱ्या बोटाने तेथून कोपराच्या दिशेने रक्त पुढे सारावे. पुढे झडप असल्यास दाबलेले बोट उचलेपर्यंत मधला भाग रिकामाच राहतो. इंग्रज वैद्य विल्यम हार्वे यांनी १६२८ साली रक्ताभिसरणाची मांडणी करताना अशाच निरीक्षणांचा आधार घेतला होता.

‘अशुद्ध’ हा शब्द मला विशेष खटकतो. विश्रांतीच्या वेळी शिरांतून परतणाऱ्या रक्तातील हिमोग्लोबिनवर सुमारे ७५ टक्के ऑक्सिजन शिल्लक असतो; ते रक्त दूषित नसते आणि निळेही नसते, गडद लाल असते. त्वचेतून शीर निळसर दिसते, तो प्रकाशाचा परिणाम आहे, त्यामुळे ‘नीला’ हे नाव रक्ताच्या रंगाचे वर्णन म्हणून घेऊ नये.

‘धमनी’ची व्युत्पत्ती फुंकणे या अर्थाच्या ‘धम्’ धातूशी जोडली जाते. सुश्रुतसंहितेत ७०० सिरा आणि २४ धमन्या नाभीपासून निघतात असे म्हटले आहे. म्हणजे शब्द जुने असले तरी त्यांचा आजचा अर्थ आधुनिक शरीरशास्त्राने निश्चित केलेला आहे, आणि जुन्या ग्रंथांतील ‘धमनी’ वाचताना तो तेथे लादू नये.

राहिला ‘नस’. बोलण्यात तो रक्तवाहिनीलाही लागतो आणि मज्जातंतूलाही, तेव्हा शास्त्रीय लेखनात तो टाळावा.