येशूचा धर्म कोणता? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

नाताळ किंवा गुड फ्रायडे जवळ आला की हेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून एकत्र उत्तरे.

येशू ख्रिस्ती होता का?
नाही. तो जन्माने यहुदी आणि मरेपर्यंत यहुदीच.

‘ख्रिस्त’ हे आडनाव का?
नाही. हिब्रूतला ‘मशीहा’, म्हणजे अभिषिक्त. त्याचं ग्रीक ‘ख्रिस्तोस’.

शब्बाथला, म्हणजे यहुद्यांच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, त्याने रोगी बरे केले, म्हणजे त्याने यहुदी धर्म सोडलाच ना?
शब्बाथ पाळायचा का, हा वाद नव्हता. त्या दिवशी काय चालतं, हा होता. असे वाद यहुदी शास्त्री आपसांतही घालत. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले गेले, तोच हा शब्बाथ. येशू यहुदी रीतीतच वाढला : आठव्या दिवशी सुंता, सभास्थानात (यहुद्यांच्या प्रार्थनागृहात) वाचन, वल्हांडण सणासाठी यरुशलेमला जाणं, सगळं लूकच्या शुभवर्तमानात आहे. आजारी बाई त्याच्या वस्त्राच्या ज्या टोकाला शिवली, तिथे गोंडा होता. वस्त्राच्या चारी कोपऱ्यांना असे गोंडे लावायचे, त्यात निळा दोरा घालायचा, ही मोशेच्या नियमशास्त्राची आज्ञा.

गुड फ्रायडेच्या नाटकात ‘यहुद्यांनी येशूला मारलं’ असा संवाद आहे. चालेल?
नाही. आजच काढा. क्रूस ही रोमन शिक्षा होती. हुकूम रोमन सुभेदार पिलाताचा, खिळे ठोकणारे त्याचे शिपाई. क्रूसावरच्या ‘यहुद्यांचा राजा’ या पाटीतून आरोप कळतो : राजद्रोह. मंदिरातल्या मुख्य याजकांचा हात होता असं शुभवर्तमानं सांगतात, पण त्यावरून अख्खा समाज खुनी ठरत नाही. मरिया, पेत्र, क्रूसाजवळच्या स्त्रिया, सगळे यहुदीच होते. याच आरोपापायी युरोपात शतकानुशतकं यहुद्यांच्या कत्तली झाल्या. शेवटी १९६५ मध्ये कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट लिहिलं, की हा दोष तेव्हाच्या सरसकट सगळ्या यहुद्यांवर आणि आजच्या यहुद्यांवर ठेवता येत नाही. तेव्हा ‘यहुदी ओरडतात’ऐवजी ‘काही याजक आणि जमाव’ लिहा. मत्तय २७:२५ मधलं ‘त्याचे रक्त आमच्यावर’ हे वाक्य गाळा. गोंडे याजकांच्या वस्त्रांना लावणार असाल, तर येशूच्या आणि शिष्यांच्याही लावा; माणसं एकाच समाजातली आहेत हे प्रेक्षकांना दिसू दे. संहिता तुमच्या धर्मगुरूंना आणि एखाद्या बेने इस्राएल जाणकाराला तालमीआधी दाखवा. पाठांतर झाल्यावर कोणी संवाद बदलत नाही.

मग वेगळा धर्म कधी झाला?
हळूहळू. ‘ख्रिस्ती’ हे नाव येशूनंतर, सिरियातल्या अंत्युखिया शहरात पडलं. इ. स. ४९ च्या सुमारास यरुशलेमला शिष्यांच्या बैठकीत यहुदी नसलेल्या अनुयायांवर सुंतेची सक्ती नको असं ठरलं. इ. स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर पाडलं. तरी वाटा पुरत्या वेगळ्या व्हायला पिढ्या गेल्या. आधी गलतीकरांस पत्र, अध्याय २ वाचा, मग प्रेषितांची कृत्ये, अध्याय १५. बैठकीच्या या दोन्ही हकिगती तंतोतंत जुळत नाहीत. तिथे अडलात तर नव्या कराराच्या अभ्यासकाला विचारा.

तो काश्मीरला येऊन शिकला होता म्हणे?
पुरावा नाही. येशू भारतात शिकला असं सांगणारी पोथी लडाखच्या हेमिस मठात आहे, हा दावा रशियन प्रवासी नोतोविचने १८९४ मध्ये छापला. पुढच्याच वर्षी आग्र्याचे प्राध्यापक डग्लस मठात गेले, तेव्हा अशी पोथीच नाही असं मठाधिपतींनी सांगितलं. ‘दडवलेलं सत्य’ म्हणून तेच पुन्हा विकलं जातं. पैसे घालवू नका.